एक काना कमी

१

दुकान बंद असतं त्या दिवशी दुपारचं जेवण झालं की मी टेबल पुसतो, त्यावर जुनी चादर पसरतो आणि काळ्या शाईची बाटली, बारीक ब्रश, पाण्याचा ग्लास आणि मूळ कायदा असं सगळं मांडून बसतो. समोरच्या खुर्चीत सासूबाई विणायला घेतात. त्यांच्या सुया चालू, माझा ब्रश चालू. मधेच त्या उठून चहा टाकतात आणि स्वयंपाकघरातून हाक मारतात, "जावईबापू, चहा गार होतोय!" चहा अजून गाळलेलासुद्धा नसतो. मी "आलो, आई" म्हणतो आणि जागचा हलत नाही. आमच्या घरातलं हे ठरलेलं आहे.

मी चष्मेवाला. नंबर काढायचे, काचा घासायच्या, लोकांची नाकं आणि कान मापायचे, एवढं मला येतं. कविता हा माझा प्रांत नव्हे. तो बायकोचा. ती वकील. गल्लीत तिला वकिलीणबाई म्हणत, मी घरात बाईसाहेब म्हणायचो आणि ती मला चष्मिश. देश नवा झाला तेव्हा जुन्या मंडळींनी जे पुस्तक लिहिलं, तो मूळ कायदा तिला तोंडपाठ होता. सरकार त्यातलं एकेक कलम गाळायला लागलं तेव्हा ती आधी कोर्टात भांडली, मग वर्तमानपत्रांत भांडली. दोन्हीकडे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका दुपारी तिने कायद्याचं एक पान फाडून टेबलावर ठेवलं आणि ओळींवर काळी शाई फिरवायला घेतली. मधली मोजकी अक्षरं तेवढी मोकळी सोडली. जे उरलं ती कविता.

"ते खोडतात ना, मग मीपण खोडते," ती म्हणाली. "त्यांनी खोडलं की काही उरत नाही. मी खोडलं की काय उरतं बघ."

ती काळी पानं बसथांब्यांवर, कोर्टाच्या जिन्यात, तहसिलीच्या भिंतीवर चिकटलेली दिसायला लागली. लोक थांबून वाचायचे. तिचा नियम एकच होता: खोडायचं, जोडायचं नाही. आपल्या पदरचं टिंबसुद्धा घालायचं नाही. "जोडलं की ध चा मा होतो, चष्मिश. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

एका सकाळी दोन अतिशय सभ्य माणसं दारात आली. दोनच प्रश्न विचारायचे आहेत, म्हणाली. तिने चपला घातल्या आणि मला म्हणाली, "ब्रश धुऊन ठेव. वाळला तर केस ताठ होतात." ती परत आली नाही. त्यांच्या कचेरीत विचारलं तर अशी कुणी बाई इथे आलेलीच नाही, असं सांगितलं. पुन्हा गेलो तेव्हा म्हणाले, "आम्ही शोधतोय." कोर्टात तिच्या नावाची पाटी होती, तिथे नुसती स्क्रूची भोकं राहिली होती.

तेव्हापासून ब्रश माझ्या हातात आला. सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्या राहिल्याच. लेक नसलेली सासू आणि बायको नसलेला जावई एका छपराखाली, याचं लोकांना नवल वाटतं. वाटू दे. मला क्रांती करायची नाही की कवी व्हायचं नाही. मला माझी बायको परत हवी आहे, आणि तिच्यासारखं वागत राहिल्याखेरीज दुसरं काय करायचं ते मला सुचत नाही.

२

अक्षरांची चोरी तिनेच मला शिकवली होती. हमी या शब्दातला ह झाकला की मी उरतो. "तू स्वतःला हमीत शोधायचंस," ती म्हणायची. "मी तुला तरतूद शब्दात सापडेन." तरतूद. पुढचं मागचं झाकलं की मधे तू. आणि त्यातही गंमत अशी की तरतूद एकटी असली तरच. तिचं अनेकवचन झालं, तरतुदी, की तू ऱ्हस्व होतो आणि चुकीचा दिसतो. यावर ती इतकी खूश झाली होती की माझ्या खांद्यावर शाईचा हात पुसला. तो शर्ट मी अजून धुतलेला नाही.

तिचं एक पान मात्र अर्धवट राहिलं होतं. पहिलंच. मूळ कायदा आम्ही या शब्दाने सुरू होतो. आम्ही, या भूमीचे रहिवासी, वगैरे वगैरे, आणि शेवटी हा कायदा पुढच्या पिढ्यांना अर्पण करतो. "आम्ही कशाला?" ती चिडायची. "आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर. आत बसलेल्यांनी दार लावून घेतल्यासारखं. आपण लिहायला काय झालं होतं?" तिने सगळा कायदा पालथा घातला. आपण कुठेच नव्हता. जवळात जवळ सापडलं ते अर्पण. वरचा रफार झाकला की अपण राहतं. एक काना कमी.

"मग काढ की एक उभी रेघ," मी म्हणालो होतो. "कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती म्हणाली, आणि पान तसंच ठेवून दिलं.

माझा स्वतःचा शोध एकच, आणि तो मला रडवून गेला. कायद्यातली अर्धी वाक्यं येणार नाही या दोन शब्दांवर संपतात. कारण कळवल्याशिवाय अटकेत ठेवता येणार नाही. वकिलाची भेट नाकारता येणार नाही. मी सवयीने ब्रश फिरवत होतो, आणि णारवर शाई गेली, पुढच्या हीवर गेली. उरलं ते वाचून माझा हात थांबला.

ये ना.

मग मला दुसरं काही सुचेना. सुट्टीच्या प्रत्येक दुपारी मी येणार नाही शोधायचो आणि ये ना उरवायचो. पानामागून पान. कुठे कळवल्याशिवायमधलं कळव ठेवायचो. कळव. ये ना. ये ना. ही पानं मी बसथांब्यावर चिकटवली नाहीत. ती भिंतीकडच्या फळीवर, तिच्या जुन्या पानांशेजारी ठेवत गेलो.

अशाच एका दुपारी नवीन पान फळीवर ठेवताना माझं बोट तिच्या एका जुन्या पानाला लागलं. बोट काळं झालं. ती शाई ओली होती.

३

आता मी काही गावंढळ माणूस नाही. मला काचेतला दोष कळतो, डोळ्यातला कळतो आणि डोक्यातलाही थोडाफार कळतो. भिंतीला ओल आली असेल. शाई स्वस्तातली असेल. मी सगळी पानं उतरवली, खिडकीशी उन्हात पसरली, दुसऱ्या दिवशी दुकानातून येऊन बघितलं. भिंत कोरडी होती. माझी पानं कोरडी होती. तिची ओली.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. त्यांच्या चहाच्या कपावर मात्र एक काळा ठसा होता, अंगठ्याचा. कपाचं काय झालं, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तुमचाच पसारा, सगळीकडे लागतो."

त्याच सुमारास मी त्यांना नवा चष्मा करून दिला होता. जवळचं वाचायचा, साधासुधा. नंबर मी स्वतः काढला, काचा स्वतः घासल्या. तो घालून त्या टेबलाशी बसल्या आणि विणणं सोडून माझ्या पानाकडे बघत राहिल्या.

"तुमचा नंबर चुकला, जावईबापू."

"पुसट दिसतंय का?"

"नाही हो. जरा जास्तच दिसतंय."

"म्हणजे?"

"काळ्यातलंही दिसतंय," असं म्हणून त्या हसल्या. मीही हसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं चष्मेवाल्याच्या घरीच चुकीचा चष्मा, अशी थट्टाही केली. दुसऱ्या दिवशी चष्मा दुकानात नेऊन यंत्रावर तपासला. नंबर अगदी बरोबर होता.

ब्रश पाण्यात खळबळून झाला की ती तो ग्लासाच्या काठावर आपटायची. टिक, टिक, टिक. थोडं थांबून आणखी एकदा, टिक. माझी ती सवय नाही. मी ब्रश फडक्याला पुसतो. त्या दुपारी माझा ब्रश हातात होता, ग्लास समोर होता, सासूबाईंच्या सुया चालू होत्या, आणि आतल्या खोलीतून आवाज आला. टिक, टिक, टिक.

सुया थांबल्या.

मी वर बघितलं नाही. त्यांनीही बघितलं नसावं. खालून एक हातगाडी खडखडत गेली. ती गेल्यावर, जितकं थांबायचं तितकं थांबून, आणखी एकदा. टिक.

"तुम्हाला काही—" मी म्हणालो.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "टाके मोजत होते. तुमच्यामुळे चुकले."

मी उठून आत गेलो. आतल्या खोलीत पलंग, कपाट, तिच्या काळ्या कोटाची पिशवी आणि खिडकीच्या कट्ट्यावर धूळ. ग्लास नव्हता. मी पलंगावर जरा टेकलो. भीती वाटत होती हे खरं, पण त्या वेळी मला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला होता. माझ्या हाकेला कुणीतरी ओ दिली होती.

४

कायद्यात एक कलम पैशाअडक्याचं आहे. या प्रयोजनासाठी पुरेशा निधीची तरतूद करण्यात येईल. त्यात माझ्या कामाचं काही नव्हतं म्हणून ते पान मी वरपासून खालपर्यंत काळं करून टाकलं होतं आणि फळीवर सगळ्यात खाली ठेवलं होतं.

पुढच्या सुट्टीला पानं लावताना ते सगळ्यात वर होतं. काळंभोर, आणि त्यात दोन ठिकाणी पांढरं. शाई खरवडलेली नव्हती. पाणी ओसरावं तशी ती मागे सरली होती, कडा गुळगुळीत होत्या. मी दुकानातली भिंगं आणून, एकावर एक ठेवून बघितलं. कागदाचा एक तंतूही उचकटला नव्हता. कुणीतरी माझी शाई पलीकडून खोडली होती, नियमाला धरून, काही न जोडता.

तरतूदमधला तू. येईलमधला ये.

तू ये.

इतके दिवस मी तिला ये ना, ये ना म्हणत होतो, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की ती जिथे आहे तिथून येता येत नसेल. येणार नाही एवढंच तिला सांगता आलं असतं, आणि तेवढं कायद्यात हवं तितक्या वेळा आहे. तिने ते सोडून हे निवडलं होतं.

"काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. नुसतं काळं."

"बघू."

"शाई लागेल हाताला, आई."

त्यांनी हात मागे घेतला. त्या बोटांकडे मी तेव्हा नीट बघायला हवं होतं, पण माझं लक्ष पानावर होतं.

मला जायचं होतं. हे मी स्पष्टच सांगतो. कुठे, कसं, काही कळत नव्हतं, पण त्या दोन पांढऱ्या भोकांत डोकं घालून जाता आलं असतं तर मी गेलो असतो. मग नजर समोर गेली. म्हातारी बाई, मांडीवर लोकरीचा गुंडा, नाकावर मी केलेला चष्मा. लेक आधीच गेलेली. जावईही गेला तर सकाळी हिला औषधाची गोळी कोण देणार, आणि ही चहा गार होतोय म्हणून कुणाला ओरडणार? तू एका माणसाला म्हणतात. दोघांना बोलवायचं असतं तर वेगळी अक्षरं लागली असती.

५

त्या रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "जाणार आहात का?"

"कुठे?"

"मी आपलं विचारलं. जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. दोघांचं शिजवलं की एकाला संपत नाही."

"तुम्हाला टाकून मी कुठे जातोय?"

"माझ्यासाठी अडू नका." त्या ताटातली शितं गोळा करत होत्या. "लहानपणी ती काय करायची माहितेय? लपायची आणि स्वतःच हाक मारायची. मी सगळं घर शोधायचे, आणि ही कपाटातून ओरडायची, तू ये ना इकडे, तू ये. तिला सापडायचंच असायचं. शोधणाऱ्यालाच उशीर."

मी पाणी प्यायलो. त्यांनी पान बघितलं होतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर खरं काय ते दोघांनाही बोलावं लागलं असतं, आणि आमचं घर न बोललेल्या गोष्टींवरच तर उभं होतं. मी म्हणालो, "मी जाणार नाही, आई. ठरलं."

"ठरलं तर ठरलं," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. एवढा वाढला की मी नको नको म्हणत राहिलो.

६

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक तक्त्यासमोर बसलं होतं. खालची ओळ त्याला वाचता येईना. "काळंच दिसतंय," तो म्हणाला. मी काच बदलली, पुन्हा बदलली, आणि मग मला काय झालं कोण जाणे, त्याला तसाच सोडून, शटर अर्धं ओढून घराकडे निघालो. ऊन अजून होतं.

कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. शेगडीवरची किटली कोमट होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर चार कपांचा सेट असतो, तिथे एकच कप. सासूबाईंच्या चपला दाराशी. खुर्चीत लोकरीचा गुंडा होता, सुया नव्हत्या.

"आई?"

टेबलावर पहिलं पान होतं. तिने अर्धवट सोडलेलं. आता ते पुरं झालं होतं. आम्ही गेला होता, भूमी गेली होती, पिढ्या गेल्या होत्या, सगळं ओलं काळं. शेवटच्या ओळीत एक शब्द तेवढा मोकळा होता. त्याचा रफार झाकलेला, आणि अ आणि प यांच्या मधल्या फटीत एक उभी रेघ. वाकडी, जाड, खाली थोडी ओघळलेली. ब्रशची नव्हे. बोटाने ओढलेली.

आपण.

आयुष्यभर त्या बाईने कुणाचा नियम मोडला नव्हता. लेकीने जन्मात जोडला नसता तो काना आईने जोडला होता.

पानावर त्यांचा चष्मा होता, काड्या मिटून ठेवलेला. तो उचलताना मला कळलं, आणि कळल्यावर मी खाली बसलो. बायको मला तू म्हणायची. आणि आईला? आईलाही तूच की! आपल्याकडे आईला कोण तुम्ही म्हणतं? तू ये म्हणणारं ते पान माझ्यासाठी आहे असं मी धरून चाललो, आणि समोर बसलेल्या बाईने तेच पान वाचलं आणि ते तिच्यासाठी आहे असं तिला वाटलं. कुणाचं खरं? पानावर दोनच अक्षरं होती. ती तिची आई होती, तिचा हक्क पहिला. हे मला पटत होतं आणि तरी एखाद्या पोरासारखं मला ओक्साबोक्शी रडू आलं, कारण दोघी गेल्या होत्या आणि मी मागे राहिलो होतो.

आतल्या खोलीतून आवाज आला. टिक, टिक, टिक. आणि त्याच्याबरोबर, सवयीचा, न थांबणारा, सुयांचा.

मी चष्मा घातला. माझ्या डोळ्यांना तो नंबर लागत नाही. टेबल पुसट झालं, भिंती पुसट झाल्या, पांढरा शब्दही फिकटला. काळं मात्र स्वच्छ दिसायला लागलं. तिथे चादर पसरलेलं एक टेबल होतं. दोन डोकी खाली वाकलेली होती, एक काळं, एक पिकलेलं. चेहरे मला दिसले नाहीत, आणि मी फार वेळ बघितलंही नाही. तीन कप मांडलेले होते. तिसरी खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली होती, माणसाला बसायला जागा व्हावी इतपत.

मी चष्मा काढला. पान पुन्हा नुसतं पान झालं. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर, ती म्हणायची. आपण म्हटलं की वाचणाराही आलाच.

"जावईबापू," सासूबाईंचा आवाज आला, आतूनच, पण खोलीच्या आतून नव्हे. "चहा गार होतोय!"

अंगावर काटा आला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भूकही लागली.

"आलो, आई," मी म्हणालो. आपल्या भाषेत माणूस निघायच्या आधीच आलो म्हणतो. ब्रश तेवढा धुऊन ठेवला.